गोळीनं हात का थरथरतात?

जऊळक्यात घरोघरी जाताना आम्हाला ऐकू येतं, “ताई, कानातले आवाज थांबले; पण हात थरथरतात, म्हणून गोळी सोडली.”

ही भानामती नाही. मेंदूतल्या पेशी रसायनांमार्फत निरोप पाठवतात. डोपामिन हा असाच निरोप्या. विचारांत त्याचं काम, हालचालींतही त्याचंच. गोळी एकाच गल्लीत थांबत नाही, दोन्हीकडे त्याला अडवते.

हा पेच जुनाच. मुंबईच्या डॉ. रुस्तम वकिलांनी १९४९ मध्ये सर्पगंधेचा रक्तदाबावरचा गुण जगापुढे मांडला. तिच्यातलं रेसरपिन निरोप्यांचे साठेच रिकामे करतं. पुढे काही रुग्णांना उदासीनं घेरल्याच्या नोंदी झाल्या.

म्हणून गोळी आपल्या मनानं सोडू नका. थरथरतं हे डॉक्टरांना सांगा. मात्रा कमी करता येते, गोळी बदलता येते. टेली-मानसचा १४४१६ हा फोन मोफत आहे.