आधी स्वतःला लावून पाहावा असा शब्द

पु. ल. देशपांडे यांच्या पुस्तकांची नावे सावकाश वाचावीत. ‘असा मी असामी’ (१९६४) यातील ‘असा मी’ हा आत्मचिंतनाचा सूर, तर ‘असामी’ हा खतावणीतला शब्द. बँकेत हयात घालवलेल्या मला त्यात आत्मा आणि खातेदार एकाच ओळीत भेटतात. ‘मराठी वाङ्मयाचा गाळीव इतिहास’ हे नाव वाचून, पाणी गाळून पिणाऱ्या आपल्या घरांत तर हसू फुटल्यावाचून राहत नाही.

तत्त्वज्ञान आणि नित्याचा वेडेपणा यांची सांगड घालणारे असे काही शब्द आमच्या घरातही रुळले आहेत.

स्याद्येतो : ‘स्यात्’ अधिक ‘येतो’. घरात चपला शोधत असताना ‘स्वारगेटला पोहोचलोच’ असे फोनवर सांगणे. सप्तभंगीने सत्याकडे सात प्रकारे पाहण्यास शिकवले. आपण असत्यासाठी आठवा प्रकार काढला!

सवलतमोहनीय : आठ कर्मांत न सापडणारे, परंतु सणासुदीला लक्ष्मी रस्त्यावर हमखास उदयास येणारे कर्म. एक साडी घेण्यास जावे, तीन घेऊन यावे आणि घरी वाचलेल्या पैशांचा हिशेब सांगावा.

घड्याळसामायिक : ४८ मिनिटे समभावात बसण्याचा नियम घ्यावा आणि त्यातली ४० घड्याळाकडे पाहण्यात घालवावीत. हा शब्द माझ्याच वर्तनावरून सौभाग्यवतींनी घडवला.

एक शब्द मात्र मी मागे घेतला. एका व्यापारी आप्तांची देणी नेहमी लांबत. त्यांच्यासाठी मी ‘उदारी’ हा शब्द काढला. अर्थ, उधारी करण्यातले औदार्य. भर पंगतीत हशा पिकला. त्या दिवसांत त्यांच्या दुकानावर काय ओढवले होते, याची मला कल्पना नव्हती. ते आमच्याकडे येईनासे झाले. पाच समितींमधील भाषासमिती मी लहानपणीच पाठ केली होती. तिचा अर्थ पुढच्या पंगतीतल्या त्यांच्या रिकाम्या पाटाने शिकवला. संवत्सरीला त्यांच्या घरी जाऊन हात जोडले, ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हटले. ते हसून म्हणाले, “शब्द चांगला होता हो, पत्ता चुकला.”

पुलंचा धोंडो भिकाजी जोशी स्वतःची फजिती स्वतःच सांगतो, म्हणून त्याचे हसू कोणाला बोचत नाही. नवा शब्द सुचला की तो आधी स्वतःला लावून पाहावा. तेथे चपखल बसला, तर तो विनोद आहेच, शिवाय थोडेसे प्रतिक्रमणही आहे.