मेंदूला जाणाऱ्या चार वाटा

सेवाग्रामची बापूकुटी पाहिलीय का तुम्ही? त्या साध्या कुटीत राहणाऱ्या गांधीजींना एक दुखणं होतं, पण ते वरून कुणाला दिसायचं नाही. त्यांचा रक्तदाब फार वाढायचा. 19 फेब्रुवारी 1940 ची नोंद आहे 220/110! साधारण 120/80 असावा लागतो, म्हणजे बघा!

रक्तदाब असा वाढला की मोठी काळजी असते मेंदूची. मोठ्या माणसाचा मेंदू शरीराच्या वजनाच्या जेमतेम 2 टक्के असतो. पण शरीर जेवढा ऑक्सिजन वापरतं, त्यातला जवळजवळ 20 टक्के हा एकटा फस्त करतो. दर मिनिटाला त्याला सुमारे पाऊण लिटर रक्त लागतं. उद्यासाठी साठवून ठेवायची सोय मात्र त्याच्याकडे नाही!

हे रक्त चार वाटांनी वर चढतं. दोन रक्तवाहिन्या मानेच्या पुढच्या बाजूने जातात आणि दोन मागून, चक्क मणक्यांच्या भोकांतून. मेंदूच्या तळाशी त्यांच्या फांद्या जोडल्या जाऊन एक वर्तुळ तयार होतं. इंग्लंडच्या थॉमस विलिस या डॉक्टरांनी 1664 साली त्याचं वर्णन केलं, म्हणून ते ‘विलिसचं वर्तुळ’. एक वाट बंद पडली, तर पुष्कळदा दुसरीकडून रक्त फिरून येतं. किती छान योजना! पण वर्तुळाच्या पुढच्या बारीक फांद्यांना ही सवलत फारशी नाही.

आपल्याकडच्या शेतातली ठिबकची नळी आठवा. कचरा अडकला तर पुढची झाडं सुकतात. दाब वाढून नळी फुटली, तरी पुढे पाणी जात नाही, शिवाय तिथे चिखल होतो. पक्षाघाताचे, म्हणजे आपण ज्याला लकवा म्हणतो त्याचे, असेच दोन मुख्य प्रकार आहेत. बहुतेक वेळा रक्ताची गुठळी अडकते. काही वेळा रक्तवाहिनी फुटते.

गंमत नव्हे, पण नवल बघा : बाहेरून दोन्ही जवळजवळ सारखेच दिसतात. तोंड वाकडं होतं, एक हात लुळा पडतो, जीभ अडखळते. उजवा हात लुळा पडला, तर बिघाड बहुधा मेंदूच्या डाव्या बाजूला असतो! गुठळी असेल तर ती विरघळवणारं इंजेक्शन देता येतं. तेच इंजेक्शन फुटलेल्या रक्तवाहिनीला दिलं तर रक्तस्राव आणखी वाढेल. म्हणून डॉक्टर आधी डोक्याचं सीटी स्कॅन करतात. हे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. कधीकधी लक्षणं थोड्या वेळात आपोआप जातात. तरीही दवाखान्यात जायचंच, कारण तो मोठ्या झटक्याचा इशारा असू शकतो.

1940 साली रक्तदाबावर आजच्यासारख्या गोळ्या नव्हत्या. 1949 मध्ये मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळांनी रक्तदाब उतरतो हे जगापुढे मांडलं. गांधीजींची तब्येत पाहणाऱ्या डॉ. सुशीला नायर यांनी 1969 साली सेवाग्रामला वैद्यकीय महाविद्यालय सुरू केलं. आता तर गावच्या आरोग्य केंद्रातही रक्तदाब मोजून मिळतो.

घरात आजी-आजोबा असतील तर त्यांचा रक्तदाब कधी मोजला, हे आजच विचारा. आणि कुणाचं तोंड वाकडं झालेलं किंवा हात लुळा पडलेला दिसला, तर घड्याळ बघून वेळ लिहून ठेवा आणि मोठ्यांना लगेच 108 वर फोन करायला सांगा.