क्रोधाचे स्वरूप आणि नियमन : सेनेकाच्या ‘दे इरा’ या ग्रंथाच्या आधारे स्टोइक विचाराचे विवेचन

सारांश

क्रोध ही माणसाच्या ताब्यात नसलेली नैसर्गिक प्रतिक्रिया आहे, असे सामान्यतः मानले जाते. स्टोइक तत्त्वज्ञांच्या मते मात्र क्रोध हा बुद्धीने दिलेला, पण चुकीचा निर्णय आहे. प्रस्तुत लेखात सेनेकाच्या ‘दे इरा’ या ग्रंथातील क्रोधाची व्याख्या, त्याच्या उत्पत्तीचे टप्पे आणि त्यावरील उपाय यांचे विवेचन केले आहे. ‘क्रोध नसेल तर अन्यायाचा प्रतिकार कसा होणार?’ या आक्षेपाचाही परामर्श घेतला आहे.

बीजसंज्ञा : स्टोइक तत्त्वज्ञान, सेनेका, क्रोध, संमती, विवेक, आत्मपरीक्षण.

प्रस्तावना

भारतीय परंपरेत क्रोधाची गणना षड्रिपूंमध्ये केली जाते. भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायात विषयांच्या चिंतनापासून बुद्धिनाशापर्यंतची जी साखळी सांगितली आहे, तिच्यात क्रोध हा महत्त्वाचा दुवा आहे. त्यामुळे क्रोध घातक असतो, हे मराठी वाचकाला नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. प्रश्न उरतो तो क्रोध नेमका कोणत्या क्षणी आवरता येतो, हा. संतापलेल्या माणसाच्या कानात उपदेश शिरत नाही आणि शांत असलेल्याला त्याची गरज वाटत नाही. या पेचाचा अत्यंत बारकाईने विचार करणाऱ्या प्राचीन विचारवंतांमध्ये रोमन तत्त्वज्ञ सेनेका याचे स्थान महत्त्वाचे आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

इसवी सनापूर्वी सुमारे 300 च्या सुमारास सायप्रस बेटावरील किटियन येथून आलेल्या झीनोने अथेन्समध्ये अध्यापनास प्रारंभ केला. हे अध्यापन बाजारपेठेलगतच्या चित्रे रंगविलेल्या खांबांच्या पडवीत चाले. अशा पडवीला ग्रीक भाषेत ‘स्टोआ’ म्हणत. त्यावरून या संप्रदायाला ‘स्टोइक’ हे नाव मिळाले. पुढे क्रिसिपसने या विचाराला तर्कशुद्ध बैठक दिली आणि मनोविकारांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. तो आज अखंड स्वरूपात उपलब्ध नाही. त्यामुळे क्रोधाविषयीच्या स्टोइक विचाराचा सर्वांत विस्तृत उपलब्ध आधार म्हणजे सेनेकाचा लॅटिन भाषेतील ‘दे इरा’, अर्थात ‘क्रोधाविषयी’, हा तीन भागांचा ग्रंथ होय.

सेनेकाचा जन्म इसवी सनाच्या आरंभाच्या आसपास स्पेनमधील कोर्दोबा येथे झाला. सम्राट क्लॉडियसच्या कारकिर्दीत, इ. स. 41 मध्ये, त्याला कॉर्सिका बेटावर हद्दपार करण्यात आले. इ. स. 49 मध्ये त्याला परत बोलावून तरुण नीरोचे शिक्षण त्याच्याकडे सोपविण्यात आले. पुढे इ. स. 65 मध्ये नीरोच्याच आज्ञेवरून त्याला आत्महत्या करावी लागली. ‘दे इरा’ हा ग्रंथ त्याने आपला थोरला भाऊ नोव्हेटस याला उद्देशून लिहिला आहे. सम्राट कॅलिग्युलाच्या क्रौर्याची उदाहरणे त्यात वारंवार येतात. ज्या समाजात एका व्यक्तीच्या संतापावर अनेकांचे प्राण अवलंबून होते, त्या समाजात हा ग्रंथ लिहिला गेला. सेनेकाच्या दृष्टीने क्रोध हा केवळ खासगी मनःशांतीचा विषय नव्हता, तर सत्तेच्या वापराचाही विषय होता.

क्रोधाची व्याख्या : भावना की निर्णय?

क्रोध म्हणजे झालेल्या अन्यायाचा सूड घेण्याची इच्छा, ही व्याख्या स्टोइकांपूर्वीच्या ग्रीक विचारातही आढळते. ॲरिस्टॉटलने केलेली व्याख्याही हिच्याशी मिळतीजुळती आहे. स्टोइकांचे वेगळेपण असे, की त्यांनी या इच्छेमागील विधाने वेगळी करून दाखविली. क्रोधाच्या मुळाशी किमान दोन विधाने असतात. ‘माझ्यावर अन्याय झाला आहे’ हे पहिले आणि ‘त्याची परतफेड करणे योग्य आहे’ हे दुसरे. ही दोन्ही विधाने खरी किंवा खोटी असू शकतात. याचाच अर्थ असा, की ती तपासून पाहता येतात.

यावरून सेनेका एक लक्षणीय निष्कर्ष काढतो. पशूंना क्रोध येत नाही, असे तो म्हणतो. त्यांच्या ठिकाणी हिंस्रपणा आणि आवेग असतो, पण ‘अन्याय’ आणि ‘परतफेड’ या कल्पना नसतात. क्रोध जिथे विवेकाला स्थान आहे तिथेच उत्पन्न होतो, म्हणून तो माणसालाच येतो. क्रोध विवेकाचा शत्रू असला तरी त्याचा जन्म विवेकाच्याच घरात होतो, हे या विचाराचे मर्म आहे.

क्रोधाच्या उत्पत्तीचे तीन टप्पे

ग्रंथाच्या दुसऱ्या भागात सेनेका क्रोधाच्या वाढीचे तीन टप्पे सांगतो. पहिला टप्पा अनैच्छिक असतो. अंगावर थंड पाणी पडताच शहारा येतो किंवा उंच कड्यावरून खाली पाहताना भोवळ येते, त्याप्रमाणे अपमानाची जाणीव होताच मन क्षणभर हलते. चेहरा लाल होतो, छाती धडधडते. हा धक्का विवेकाने टळत नाही आणि तो म्हणजे क्रोधही नव्हे. दुसऱ्या टप्प्यात मन त्या जाणिवेला संमती देते. ‘माझा अपमान झाला आहे आणि संबंधिताला त्याची शिक्षा मिळाली पाहिजे’ असा निर्णय येथे होतो. पण तो अजून मागे घेता येण्यासारखा असतो. तिसऱ्या टप्प्यात योग्य-अयोग्यतेचा विचारच सुटतो आणि काहीही झाले तरी सूड घ्यायचाच, अशी अवस्था येते. कड्यावरून कोसळणारे शरीर जसे मध्येच थांबू शकत नाही, तसे येथून परत फिरता येत नाही.

महाविद्यालयातील एका परिचित प्रसंगाने हे स्पष्ट करता येईल. विभागाच्या बैठकीत एखादा सहकारी दुसऱ्याच्या कामाविषयी सर्वांसमक्ष उणा शब्द काढतो. ऐकणाऱ्याचे कान तापतात. हा पहिला टप्पा झाला. ‘याने मुद्दाम माझी अप्रतिष्ठा केली, याला उत्तर दिलेच पाहिजे’ हा दुसरा टप्पा होय. त्यानंतर जुनी प्रकरणे उकरून काढणे आणि पुढील बैठकीत त्याच्या प्रत्येक सूचनेला विरोध करणे, हा तिसरा. पहिल्या टप्प्याबद्दल कोणालाही दोष देता येणार नाही. तिसऱ्यात उपदेश निरुपयोगी ठरतो. नियमनाला वाव आहे तो दुसऱ्या टप्प्यावर, म्हणजे संमती देण्याच्या क्षणी. सहकाऱ्याने हे मुद्दाम केले काय, त्याचे म्हणणे काही अंशी खरे आहे काय, परतफेडीने काम सुधारेल काय, हे प्रश्न तिथेच विचारता येतात.

क्रोध दडपणे आणि क्रोधाची चिकित्सा करणे यांतील भेदही येथे स्पष्ट होतो. दडपणारा माणूस संमती देऊन बसलेला असतो. तो केवळ कृती रोखतो. चिकित्सा करणारा संमतीच रोखून धरतो. पहिल्याच्या मनात क्रोध साठत राहतो, तर दुसऱ्याच्या मनात तो पूर्ण आकार घेत नाही.

सेनेकाने सुचविलेले उपाय

सेनेकाचे उपाय या विश्लेषणातूनच निघतात. त्यांपैकी प्रमुख उपाय पुढीलप्रमाणे सांगता येतील.

1. विलंब : क्रोधावरील सर्वांत मोठा उपाय म्हणून सेनेका विलंबाचा उल्लेख करतो. येथे क्रोधाकडे क्षमेची नव्हे, तर केवळ पुनर्विचाराची मागणी केलेली असते. प्लेटोविषयीची एक कथा तो सांगतो. गुलामाला मारण्यासाठी उगारलेला हात प्लेटोने तसाच वर रोखून धरला. काय करतोस, असे एका मित्राने विचारताच, आपण एका रागावलेल्या माणसाला शिक्षा करीत आहोत, असे उत्तर त्याने दिले.

2. अपेक्षांची तपासणी : पुष्कळसा क्रोध अनपेक्षिततेतून येतो. माणसे चुकतात, विसरतात, कृतघ्न होतात, हे आधीच गृहीत धरले तर धक्क्याची तीव्रता कमी होते. सम्राट मार्कस ऑरेलियस आपल्या ‘चिंतना’मध्ये दिवसाच्या प्रारंभीच अशा माणसांशी गाठ पडणार असल्याचे स्वतःला बजावतो, ते याच भूमिकेतून.

3. शरीराची साथ : चेहरा सैल सोडणे, आवाज उतरविणे, चाल मंदावणे या बाह्य कृतींचा परिणाम हळूहळू अंतःकरणावर होतो. सॉक्रेटिसचा आवाज खाली येणे आणि बोलणे कमी होणे, ही त्याच्या रागाची खूण मानली जाई, असे सेनेका सांगतो.

4. रात्रीचे आत्मपरीक्षण : सेक्स्टियस या तत्त्ववेत्त्याची सवय सेनेकाने स्वीकारली होती. दिवा मालविल्यावर तो संपूर्ण दिवसाची उलटतपासणी घेई. अमक्या वादात आपण अधिक कठोर बोललो, तमक्याला सुधारण्याऐवजी दुखावले, असे दोष तो स्वतःपुढे मांडी आणि या वेळी क्षमा करून पुन्हा तसे न करण्यास स्वतःला बजावी. क्रोध प्रतिदिनी न्यायाधीशासमोर उभा राहणार असेल तर तो सौम्य होतो, असा त्याचा अनुभव होता.

अन्यायाचा प्रतिकार आणि क्रोध

या विचारावरील सर्वांत गंभीर आक्षेप असा, की अन्याय पाहून ज्याला संताप येत नाही, तो त्याचा प्रतिकार तरी कशाच्या बळावर करणार? योग्य कारणासाठी, योग्य व्यक्तीवर आणि योग्य प्रमाणात रागावणे हा सद्गुण आहे, असे ॲरिस्टॉटलचे मत होते. सेनेकाचे उत्तर तर्काच्या अंगाने जाते. क्रोध विवेकाच्या आज्ञेत राहत असेल, तर त्याला क्रोध म्हणता येणार नाही; आज्ञेत राहत नसेल, तर तो साहाय्यक म्हणून निरुपयोगी आहे. अपराध्याला शिक्षा व्हावी, हे सेनेकाला मान्य आहे. मात्र ती वैद्याने उपचार करावा तशी, रोग्याचा द्वेष न करता व्हावी, असा त्याचा आग्रह आहे.

क्रोध न्यायाचे साधन का होऊ शकत नाही, हे दाखविण्यासाठी तो ग्नेयस पिसो या सेनाधिकाऱ्याची हकीकत देतो. रजेवरून एकटाच परतलेल्या सैनिकाने सोबत्याचा खून केला असावा, या संशयावरून पिसोने त्याला देहान्ताची शिक्षा फर्मावली. तलवार उगारलेली असतानाच तो सोबती जिवंत परत आला. शिक्षा थांबविणाऱ्या अधिकाऱ्याने दोघांना पिसोपुढे उभे केले. आपली चूक उघड झाल्याने पिसो अधिकच भडकला आणि त्याने तिघांनाही ठार मारण्याचा हुकूम दिला. पहिल्याला आधीच शिक्षा झालेली म्हणून, दुसऱ्याला तो पहिल्याच्या शिक्षेचे कारण ठरला म्हणून आणि तिसऱ्याला त्याने हुकूम पाळला नाही म्हणून. सत्य समोर आल्यावर विवेक निर्णय बदलतो; क्रोध मात्र आपला निर्णय खरा ठरविण्यासाठी नवी कारणे शोधतो.

तथापि, आक्षेपाचा एक भाग उरतोच. पर्शियाचा राजा कॅम्बायसीस याने प्रेक्सॅस्पीस या दरबाऱ्याच्या मुलाला त्याच्या डोळ्यांदेखत बाण मारला आणि बापाने राजाच्या नेमबाजीची प्रशंसा केली. ही कथा सांगताना तीव्रतम क्रोधही आवरता येतो, एवढेच सिद्ध करणे सेनेकाला अभिप्रेत आहे. बापाची प्रशंसा मात्र त्याला राजाच्या बाणाहूनही निंद्य वाटते. म्हणजेच क्रोधाचा अभाव आणि अन्यायापुढील लाचारी या दोन भिन्न गोष्टी आहेत, याची त्याला जाणीव होती. त्याच्या स्वतःच्या आयुष्यात मात्र हा भेद नेहमी टिकला नाही. इ. स. 59 मध्ये नीरोने आपल्या आईची हत्या करविली. त्या कृत्याचे समर्थन करणारा मजकूर लिहिल्याचा ठपका सेनेकावर आल्याचे इतिहासकार टॅसिटस नोंदवितो. क्रोधाचे नियमन ही नीतीची पूर्वअट असली तरी ती संपूर्ण नीती नव्हे, असा बोध यातून घ्यावा लागतो.

आधुनिक मानसोपचाराशी संबंध

माणसाला अस्वस्थ करतात त्या घटना नव्हेत, तर घटनांविषयीची त्याची मते, हा स्टोइक विचार गुलामगिरीतून मुक्त झालेल्या एपिक्टेटसने नेमकेपणाने मांडला. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास जी उपचारपद्धती विकसित केली, तिचा एक मूलस्रोत म्हणून त्यांनी एपिक्टेटसचा उल्लेख केला. ॲरन बेक यांनी 1960 च्या दशकात मांडलेल्या बोधात्मक उपचारपद्धतीचेही स्टोइक विचाराशी नाते आहे. एलिस यांच्या पद्धतीचा परिचय मराठी वाचकांना कि. मो. फडके यांच्या लेखनातून झाला. तिच्यासाठी मराठीत वापरला जाणारा ‘विवेकनिष्ठ’ हा शब्द स्टोइक विचारालाही चपखल लागू पडतो. दोहोंत भेद आहे तो उद्दिष्टाचा. मानसोपचाराला रुग्णाचे स्वास्थ्य साधायचे असते, तर स्टोइकांना माणूस सद्गुणी व्हावा असे वाटते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून तीन निष्कर्ष काढता येतात. पहिला, क्रोधाची पहिली लहर आणि प्रत्यक्ष क्रोध यांत अंतर आहे. त्या लहरीबद्दल स्वतःला दोष देण्याचे कारण नाही. दुसरा, नियमनाचे स्थान संमतीच्या क्षणी आहे आणि त्या क्षणाची तयारी शांत वेळी, दैनंदिन आत्मपरीक्षणातून करावी लागते. तिसरा, ज्याच्या हाती अधिकार आहे त्याच्यावर ही जबाबदारी अधिक आहे. विद्यार्थ्यांच्या गुणांचे, शिस्तीचे आणि भवितव्याचे निर्णय घेणाऱ्या अध्यापकाला पिसोची कथा दूरची वाटू नये. चूक लक्षात आल्यावर निर्णय मागे घेता येणे, ही विवेक शाबूत असल्याची खूण आहे. अधिकारपदावरील व्यक्तीने प्रत्येक शिक्षेपूर्वी ही कसोटी स्वतःला लावून पाहणे हिताचे ठरेल.