रविवारी मिक्सर नको!
जर्मनीत रविवारची शांतता ही काही शेजाऱ्यांची हौस नव्हे. रविवारच्या विश्रांतीचं १९१९च्या वायमार राज्यघटनेतलं कलम १९४९च्या राज्यघटनेतही कायम ठेवलं गेलं. त्यामुळे बहुतेक दुकानं बंद. भिंतीला ड्रिल लावणं, रिकाम्या बाटल्या काच गोळा करण्याच्या कुंडीत टाकणं त्या दिवशी वर्ज्य. इडलीचं पीठ शनिवारीच वाटून ठेवलेलं बरं. रात्री दहा ते सकाळी सहा हीदेखील साधारणपणे शांततेची वेळ. शेजारी दार वाजवून तोंडावर तक्रार सांगेल. तो चिडलेला असेलच असं नाही, तिथे स्पष्ट बोलण्याची रीतच आहे. आणि जेवायचं बोलावणं आलं, तर ‘बघू, जमलं तर येतो’ चालत नाही. माणसं मोजून स्वयंपाक होतो. येणार की नाही, ते आधीच नक्की कळवा.