सोरायसिस : दुखणे कातडीचे, ओझे मनाचे

आमच्या आगाशीचे भवानीशंकराचे देऊळ 1691 सालचे. ब्रिटिश काळातल्या गॅझेटियरने गावाची माहिती देताना एक बारीकशी नोंद केली आहे : इथल्या स्नानाच्या जागेची त्वचारोग बरे करण्याबद्दल ख्याती आहे. म्हणजे अंगावरचे डाग आणि मनातली आशा घेऊन माणसे पूर्वापार या वाटेने येत आली.

मला सोरायसिस होऊन वीस वर्षे झाली. कोपर, गुडघे आणि डोक्यावर लालसर चट्टे, त्यावर रुपेरी खवले. खाज सोसता येते हो. पण बसमध्ये शेजारचा माणूस उठून पलीकडे जाऊन बसला, की ते सोसत नाही. भाचीचे एक चांगले स्थळ 'मामाच्या अंगावर काहीतरी आहे' एवढ्यावरून परतले, तेव्हा घरात दोन दिवस कोणी धड जेवले नाही.

म्हणून सगळ्यांत आधी हे सांगतो : सोरायसिस संसर्गजन्य नाही. शिवल्याने, एका ताटात जेवल्याने किंवा एका तळ्यात उतरल्याने तो होत नाही. तो महारोगही नाही, व्हिएन्नाचे डॉ. फर्डिनांड हेब्रा यांनी 1841 सालीच हे दोन रोग वेगळे करून दाखवले. जंतूंशी लढणारी आपली प्रतिकारशक्ती यात स्वतःच्याच कातडीवर उलटते. एरवी सुमारे महिनाभरात नवी होणारी कातडी तीन-चार दिवसांतच नवी होऊ लागते. कच्च्या पेशी साचतात, तेच हे खवले. आनुवंशिकतेचा वाटा असतो खरा. पण आईला किंवा वडिलांना आहे म्हणून मुलांना होतोच, असे मुळीच नाही.

हा रोग मुळासकट जात नाही, पण आटोक्यात नक्की राहतो. आंघोळ कोमट पाण्याने, सौम्य साबणाने करावी आणि अंग ओलसर असतानाच खोबरेल किंवा व्हॅसलिन चोळावे. खवले नखांनी उपटू नयेत. जखमेच्या जागी नवा चट्टा उठतो. घशाचा संसर्ग, मानसिक ताण, सिगारेट आणि दारू रोगाला चाळवतात. डॉक्टर मलमे देतात, यंत्रातली अतिनील किरणे देतात. रोग जास्त असेल तर मेथोट्रेक्सेट देतात. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते. आता इंजेक्शनने घ्यायची जैविक औषधेही आली आहेत. सकाळी सांधे आखडत असतील तर डॉक्टरांना जरूर सांगावे, कारण हा रोग सांध्यांतही उतरतो.

'समूळ बरा करतो' म्हणणाऱ्यांच्या पुड्यांपासून मात्र दूर राहा. त्यांत कधी कधी स्टेरॉइड मिसळलेले असते. पुडी थांबली, की रोग दुप्पट जोराने उसळतो.

जागतिक आरोग्य परिषदेने 2014 साली सोरायसिसबाबत ठराव केला आणि रुग्णांना सोसाव्या लागणाऱ्या भेदभावाची दखल घेतली. ठराव जिनिव्हात झाला. अंमल मात्र आपल्या ओसरीवर व्हायचा आहे. घरात असा कोणी असेल तर त्याची पाठ त्याच्या हाताला पोचत नाही, तिथे तेल तुम्ही लावा. एवढे केलेत, तरी निम्मे ओझे उतरते.