दाट तेल म्हणजे दमदार तेल?

वंगणाची पारख बोटांनी करायची कारखान्यांतली सवय जुनी आहे. अंगठा आणि तर्जनीत थेंब चोळायचा. चिकट लागला तर माल चांगला, सळकन सुटला तर त्यात दम नाही. खोट अशी की बोटांना कळते ते गार तेल, बेअरिंगला मिळते ते तापलेले. बॅरलवरचा व्हीजी 220 हा आकडा 40 अंश सेल्सिअसला तेलाची व्हिस्कॉसिटी किती, एवढेच सांगतो. तेच साधे खनिज तेल 100 अंशांवर 19 च्या आसपास येते, म्हणजे जवळपास बाराव्या हिश्श्यावर. धातूला धातू टेकू न देणारा थर या उरलेल्या दाटपणावर उभा असतो आणि बॉल बेअरिंगमध्ये तो बहुधा एक मायक्रॉनही भरत नाही. माणसाचा केस त्याच्या पन्नासपट तरी जाड!

मग मुळातच दाट तेल घातले तर? थर केवळ दाटपणावर ठरत नाही, वेगावरही ठरतो. साखर कारखान्यातला गाळपाचा रोलर मिनिटाला मोजकेच फेरे घेतो आणि प्रचंड दाब सोसतो. तिथे दाट तेलाला पर्याय नाही. पण मिनिटाला हजारो फेरे घेणाऱ्या मशीन टूलच्या स्पिंडलला वेगच थर तयार करून देतो. तिथे दाट तेल नुसते घुसळले जाते, तापते आणि तापले की लवकर खराब होते. ढोबळ हिशेब असा, की दर 10 अंश वाढीमागे तेलाचे आयुष्य निम्मे. ग्रीसगन दाबतच राहणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावे. वेगाने फिरणारे बेअरिंग ठासून भरले की तेही असेच तापते.

यावर अनुभवी फिटर म्हणेल, झिजलेल्या गिअरबॉक्समध्ये दाट तेल ओतले की आवाज बसतो. बसतो, हे खरे. पण वाढलेली फट त्याने भरून येत नाही. गार यंत्र सुरू होताना तेच तेल टोकाच्या बेअरिंगपर्यंत उशिरा पोचते, आणि झीज ओरडून सांगत होती ती खूण तेवढी दबते. तेव्हा ग्रेड बदलण्याआधी बेअरिंगचे चालतानाचे तापमान आणि आरपीएम लिहून घ्या, नि ते यंत्राच्या मॅन्युअलमधल्या तक्त्याशी ताडून पाहा.