अजिंठ्याची भिंत कशी वाचावी? : रंग, छटा, पोत आणि रचना

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत चादरी आणि टॉवेलांचे कारखाने आहेत. तेथे नवी चादर मागावर चढण्यापूर्वी तिची नक्षी चौकटींच्या कागदावर उतरवली जाते. कोणत्या चौकटीत ताण्याचा धागा वर राहील आणि कोणत्या चौकटीत बाण्याचा, हे मोजून ठरवले जाते. मग जॅकार्डच्या साहाय्याने तीच नक्षी कापडात उतरते. चादर उलटली की वरचा रंग खाली जातो आणि खालचा वर येतो. हे काम करणाऱ्या कामगारास कोणी चित्रकलेचा अभ्यासक म्हणत नाही. परंतु कोणत्या रंगाशेजारी कोणता रंग शोभतो, लांबून नक्षी उठून दिसेल की विरून जाईल, मोकळी जागा किती सोडावी, हे प्रश्न तो रोज सोडवीत असतो. अजिंठ्याच्या चित्रकारांपुढेही नेमके हेच प्रश्न होते.

सोलापुरापासून सुमारे चारशे किलोमीटर अंतरावर असलेल्या या लेण्यांना आपल्यातील अनेक बंधू-भगिनी भेट देतात. लेण्यात शिरल्यावर वंदना होते, मार्गदर्शक एखादी जातककथा सांगतो आणि पंधरा मिनिटांत मंडळी पुढच्या लेण्याकडे निघतात. "सगळे काळपट झाले आहे, नीट दिसत नाही," असा अभिप्राय परतीच्या वाटेवर ऐकू येतो. कथा कळली, पण चित्र पाहायचे राहून गेले, अशी ही स्थिती होय. चित्राला स्वतःची भाषा असते. रंग, छटा, पोत आणि रचना हे त्या भाषेचे चार प्रमुख घटक होत. अजिंठ्यातील काही निवडक चित्रांच्या आधारे त्यांचा परिचय करून देणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

भिंत आणि तिची तयारी

अजिंठ्यातील चित्रे दोन कालखंडांतील आहेत. नवव्या व दहाव्या लेण्यांतील सर्वात जुनी चित्रे इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या दोन शतकांच्या सुमारास काढलेली आहेत. पहिल्या, दुसऱ्या, सोळाव्या व सतराव्या लेण्यांतील बहुतेक प्रसिद्ध चित्रे पाचव्या शतकातील, म्हणजे वाकाटक काळातील आहेत.

बेसाल्टचा खडक कोरल्यावर छिन्नीच्या खुणा तशाच ठेवल्या जात. खडबडीत पृष्ठभागावर गिलावा घट्ट धरतो. त्यावर माती, दगडाची भुकटी, भाताचे तूस आणि वनस्पतींचे तंतू यांचा लेप दिला जाई. त्यावर चुन्याचा पातळ थर देऊन पृष्ठभाग गुळगुळीत केला जाई. पाश्चात्त्य भित्तिचित्रांत ओल्या चुन्यावर रंग लावण्याची एक प्रसिद्ध पद्धत आहे. अजिंठ्याची पद्धत तशी नाही. येथे सुकलेल्या थरावर डिंक किंवा सरस यांसारख्या बंधकात कालवलेले रंग लावलेले आहेत. म्हणूनच पाणी आणि ओल हे या चित्रांचे मोठे शत्रू ठरले.

रंग : थोड्या सामग्रीची श्रीमंती

अजिंठ्याच्या चित्रकाराजवळ रंग मोजकेच होते. तांबडा व पिवळा गेरू, हिरवी माती, चुना व पांढऱ्या मातीचा पांढरा आणि काजळीचा काळा, हे ते रंग. यांपैकी बहुतेक द्रव्ये आसपासच्या डोंगरांतच मिळत. हिरवी माती तर बेसाल्टच्या पोकळ्यांतच सापडते. अपवाद निळ्या रंगाचा. हा लाजवर्द नावाच्या दगडापासून होई आणि तो दगड आजच्या अफगाणिस्तानातील बदख्शान प्रदेशातून येई. पाचव्या शतकातील चित्रांत हा निळा उठून दिसतो. व्यापारी मार्गांचा आणि विहारांचा संबंध किती निकटचा होता, हे त्या एका रंगावरून ध्यानात यावे.

इतक्या थोड्या रंगांत एवढी विविधता कशी आली? याचे उत्तर शेजारधर्मात आहे. कोणताही रंग एकटा दिसत नाही. तो शेजाऱ्यासह दिसतो. पॅरिस येथील गोबेलँ या सरकारी विणकाम संस्थेत मिशेल शेव्ह्रल हे रसायनशास्त्रज्ञ रंगाई विभागाचे प्रमुख होते. काही काळे धागे फिके पडतात अशी तक्रार त्यांच्याकडे आली. तपासणीअंती त्यांना असे आढळले की, दोष काळ्या रंगात नसून त्याच्या शेजारी विणलेल्या रंगांत आहे. या शोधावरील त्यांचा ग्रंथ १८३९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि युरोपातील चित्रकारांनी तो अभ्यासला. आपल्या कारखान्यातील रंगाऱ्यास हे सांगण्याची गरज नाही. एकच डाळिंबी रंग पिवळ्याशेजारी एक दिसतो आणि काळ्याशेजारी दुसराच. अजिंठ्यात तांबूस तपकिरी देहाशेजारी हिरवी माती किंवा निळा येतो, तेव्हा साधा गेरूही तेजस्वी वाटतो.

देहवर्णाच्या बाबतीत ही दृष्टी विशेष ध्यानात घ्यावी. अजिंठ्यातील माणसे एका रंगाची नाहीत. गव्हाळ, तांबूस, हिरवट, गडद सावळी अशी सर्व माणसे एकाच भिंतीवर नांदतात. पहिल्या लेण्यात 'कृष्णवर्णी राजकन्या' या नावाने ओळखली जाणारी एक आकृती आहे. तिचा मुकुट, तिची मुद्रा, तिच्या नजरेतील सौम्यता यांत चित्रकाराने कोठेही कमीपणा ठेवलेला नाही. काळा वर्ण येथे सौंदर्याच्या आड आलेला नाही. जन्मजात वर्णावरून माणसाची किंमत ठरविणाऱ्या समाजात वाढलेल्या प्रेक्षकाने या चित्रासमोर क्षणभर थांबले पाहिजे.

छटा : अंधारातून उजेड

रंग आणि छटा यांत गल्लत होऊ नये. रंग म्हणजे तांबडा की हिरवा. छटा म्हणजे त्याचा उजळपणा किंवा गडदपणा. ती ओळखण्याची सोपी युक्ती अशी : डोळे अर्धवट मिटून पाहावे. रंगांचा भेद मावळतो आणि फक्त उजेड-अंधार उरतो. चादरीवरील तांबडी नक्षी आणि हिरवी जमीन सारख्याच छटेची असेल, तर लांबून नक्षी विरून जाते. रंग वेगळे असूनही असे का झाले, याचे उत्तर छटेत असते.

प्राचीन भारतीय चित्रविचारात यासाठी 'वर्तना' ही संज्ञा आहे. विष्णुधर्मोत्तर पुराणातील चित्रसूत्रात तिचे तीन प्रकार दिले आहेत. पानाच्या शिरांप्रमाणे रेषा काढून केलेली पत्रज, अतिसूक्ष्म रेषांनी केलेली ऐरिक आणि ठिपक्यांनी केलेली बिंदुज. ठिपके वा रेषा जवळजवळ आल्या की तो भाग गडद होतो आणि देहाला गोलाई येते. ताण्या-बाण्याच्या दोन रंगांतून तिसऱ्याच रंगाचा भास निर्माण करणारे धूपछाव कापड ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे तत्त्व परके वाटणार नाही.

पहिल्या लेण्यात गाभाऱ्याकडे जाणाऱ्या दाराच्या डाव्या बाजूस महायान परंपरेतील बोधिसत्त्व पद्मपाणीचे सुविख्यात चित्र आहे. येथे उजेड कोणत्याही एका दिशेने आलेला नाही. देहाच्या कडा गडद आहेत आणि मध्यभाग उजळत गेला आहे. नाकाचा कणा, ओठ, हनुवटी येथे फिकट स्पर्श आहेत. सभोवार खडक, झाडी आणि प्राणी यांचा गडद पसारा आहे. परिणामी उजेड बाहेरून पडलेला नसून आतून उमललेला वाटतो. करुणा ही दाखविण्यास अवघड गोष्ट. ती येथे खाली झुकलेल्या नजरेइतकीच या छटांतून व्यक्त झाली आहे.

पोत : हाताने न शिवता कळणारा स्पर्श

पोत दोन प्रकारचा असतो. एक भिंतीचा प्रत्यक्ष पोत, दुसरा चित्रात भासवलेला. रेशीम, मोती, केस, दगड, पान यांचा स्पर्श डोळ्यांना जाणवावा, हे दुसऱ्या प्रकाराचे काम. पद्मपाणीच्या गळ्यातील मोती पांढऱ्या ठिपक्यांनी काढले आहेत आणि गुळगुळीत देहावर ते वेगळे जाणवतात. मागचे खडक ठोकळ्यांसारखे कोनदार असल्याने देहाचा मऊपणा अधिक भासतो. एका पोताची ओळख दुसऱ्या पोतामुळे होते, हा येथील धडा होय.

सोलापूरच्या वाचकाने अजिंठ्यातील वस्त्रे तर अवश्य न्याहाळावीत. आडव्या पट्ट्यांची वस्त्रे, बाणाच्या टोकासारखी नक्षी, बांधून रंगविल्यासारखे ठिपके, अंग दिसेल इतके तलम कापड हे सारे तेथे आहे. धागा आधी बांधून रंगवायचा आणि मग विणायचा, या पद्धतीच्या वस्त्राशी त्यांतील काही नक्ष्यांचे साम्य अभ्यासकांनी दाखविले आहे. म्हणजे ही भिंत विणकरांच्या इतिहासाचेही एक दफ्तर आहे.

रचना : कोण मोठा, कोण लहान

रचना म्हणजे आकृतींची मांडणी. कोणती आकृती कोठे, केवढी, कोणाकडे वळलेली आणि मध्ये जागा किती, यांवरून चित्राचा अर्थ ठरतो. अजिंठ्यात प्रसंगांना चौकटी नाहीत. राजवाड्याचा खांब, दार, झाड किंवा खडक यांनी एक प्रसंग संपतो आणि दुसरा सुरू होतो. कथा पुढे सरकते ती पाहणाऱ्याच्या पावलांबरोबर. दहाव्या लेण्यातील छद्दन्त जातकात ही मांडणी आडव्या पट्टीसारखी आहे. पाचव्या शतकात ती पूर्ण भिंतभर पसरली.

सोळाव्या लेण्यात एक खचलेली स्त्री आहे. 'मरणोन्मुख राजकन्या' या नावाने ती प्रसिद्ध झाली. नंद प्रव्रजित झाल्याचे कळताच मूर्च्छित झालेली त्याची पत्नी म्हणून अभ्यासक तिला ओळखतात. तिचे दुःख चेहऱ्यापेक्षा देहाच्या रेषेत अधिक आहे. मान कलली आहे, हात सैल पडले आहेत, सारा देह तिरका ओघळला आहे. भोवतीच्या सख्या तिच्याकडे झुकल्या आहेत. त्यामुळे आपली नजरही पुनःपुन्हा त्या ओघळत्या देहाकडेच येते.

सतराव्या लेण्यातील चित्र याहून साधे आणि याहून गंभीर आहे. संबोधीनंतर तथागत कपिलवस्तूस आले आहेत. हाती भिक्षापात्र आहे. समोर यशोधरा आणि बालक राहुल उभे आहेत. ती मुलाला पित्याकडे वारसा मागावयास सांगते. चित्रकाराने बुद्धांची आकृती भव्य काढली आहे आणि माता-पुत्र त्यांच्यापुढे अगदी लहान दाखविले आहेत. आकाराचा हा भेद राजा-प्रजेचा नाही, कारण मोठ्या आकृतीच्या अंगावर चीवर आहे आणि हातात भिक्षेचे पात्र. राजवैभव लहान आकृतींकडे आहे. मोठेपणा कशात, याचे उत्तर चित्रकाराने शब्दाविना, केवळ प्रमाणाने दिले आहे. रचना हाच येथे विचार झाला आहे.

आज दिसते ते किती खरे?

एक सावधगिरी आवश्यक आहे. आज दिसणारे रंग जसेच्या तसे मूळ रंग नव्हेत. १८१९ मध्ये ही लेणी ब्रिटिश अधिकाऱ्याच्या दृष्टीस पडल्यानंतर रॉबर्ट गिल यांनी अनेक वर्षे राबून त्यांच्या प्रतिकृती केल्या. त्यांतील बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत जळाल्या. मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी यांनी १८७२ पासून पुन्हा प्रतिकृती केल्या. त्यांतीलही अनेक १८८५ मध्ये लंडनमध्येच आगीत गेल्या. पुढे निजामाच्या राजवटीत, १९२० नंतर, इटालियन तज्ज्ञांनी सुटू लागलेले थर जागी बसविले. परंतु चित्रांवर दिलेला लाखेचा लेप काळाबरोबर पिवळा-तपकिरी झाला. चित्रे काळपट दिसण्याचे हेही एक कारण होय. पुढील काळात पुरातत्त्व विभागाने हे लेप काढून स्वच्छतेचे काम केले, तेव्हा काही ठिकाणी निळे-हिरवे रंग पुन्हा उजळले. रक्षणाच्या सद्हेतूनेही हानी होऊ शकते, हा यातील बोध आहे.

हा बोध आपल्या दारातही उपयोगी आहे. नव्या विहाराच्या भिंतीवर चित्रे काढविताना ओल पुरती सुकण्यापूर्वीच चकचकीत तैलरंग फासला जातो. आतील ओलीला वाट मिळत नाही, रंगाला फुगे येतात आणि काही पावसाळ्यांत पोपडे पडतात. आधी भिंत, मग चित्र, हा क्रम अजिंठ्याने घालून दिला आहे. शिवाय सर्वच रंग भडक असतील तर कोणताच बोलत नाही, हेही तेथेच शिकावे.

अजिंठ्याच्या शिलालेखांत वराहदेव, बुद्धभद्र अशा दानकर्त्यांची नावे आहेत. ज्यांनी गिलावा थापला, गेरू कुटला, रेषा ओढल्या, त्या हातांची नावे आपल्यापर्यंत आलेली नाहीत. ते हात श्रमिकांचे होते. म्हणून चित्र पाहणे ही फावल्या वेळेची चैन आहे, कष्टकऱ्यास त्याचे काय, ही समजूत आपण टाकून द्यावी. धाग्याचा रंग पारखणारा डोळा ही भिंत वाचण्यास आधीच तयार झालेला आहे.

पुढील खेपेस सतराव्या लेण्यात जाल तेव्हा सर्व भिंती पाहण्याचा हट्ट नसावा. राहुल-यशोधरेच्या चित्रासमोर उभे राहून आधी डोळे अर्धवट मिटून छटा पाहावी, मग रंगांचा शेजार, मग वस्त्रांचा पोत आणि शेवटी आकृतींचे प्रमाण. कथा त्यानंतर आठवावी. ती पूर्वी ऐकली होती त्यापेक्षा अधिक खोल उतरेल.